पुरावा दाखवला तरी समोरचा ऐकत नसेल, तर वाद कसा घालायचा?

तुमची तक्रार अशी, की घरातली शिकलेली माणसंसुद्धा विज्ञानाच्या मुद्द्यावर पुरावा मानत नाहीत, उलट आवाज चढवतात. मी सोलापूरचा. आमच्याकडे हा वाद आभाळाकडे बघून होतो, म्हणून तिथलाच अनुभव सांगतो.

2018 आणि 2019 च्या पावसाळ्यात पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेने सोलापुरात कृत्रिम पावसाचा प्रयोग केला. विमान दिसलं की मोहोळकडचे माझे मामा बांधावर उभं राहून म्हणायचे, "आलं बघ, आता ढग पळवतंय." मी त्यांना समजावायला गेलो. विमान ढगाच्या तळाशी कॅल्शियम क्लोराइडचे बारीक कण सोडतं, ते पाणी ओढून घेतात, थेंब मोठे होतात, एकमेकांवर आदळून आणखी वाढतात आणि खाली पडतात. मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तू पुस्तकातलं सांगतोयस. मी चाळीस वर्षं आभाळ बघतोय."

त्यांचं बरोबर होतं. ते डोळ्यांनी पाहिलेलं सांगत होते, मी वाचलेलं.

पुढच्या वर्षी मी वाद घातला नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मामा पाऊस लिहायचेच. मी एवढंच म्हटलं, "मामा, विमान दिसलं त्या दिवशी चौकोनात 'वि' लिहा. पाऊस पडो न पडो." त्यांनी जुलै-ऑगस्ट नेमानं लिहिलं. पोळ्याला गेलो तेव्हा दोन्ही पानं पुढ्यात घेऊन बसलो. 'वि' असलेले बरेच चौकोन कोरडे होते, म्हणजे मामांनी खोटं काही पाहिलं नव्हतं. पण 'वि' नसलेले कोरडे चौकोन त्याहून कितीतरी जास्त. मामा पान उलटसुलट करत राहिले आणि म्हणाले, "मग एवढे दिवस ढग कुणी पळवला?"

हे चौकोन कुणाच्याच लक्षात राहत नाहीत. विमान आलं आणि पाऊस गेला, हे मनात ठसतं. विमान आलंच नाही आणि पाऊसही नाही, त्या दिवसाची आठवण कोण ठेवणार? पर्जन्यछायेच्या पट्ट्यात असे छोटे ढग दुपारी उठतात आणि थोड्या वेळात आपणच विरतात. विमानवाले नेमके भरून आलेल्या ढगाकडे जातात, त्यामुळे ढग विरला की आळ विमानावर येतो.

पण मामा तिथं थांबले नाहीत. "बरं, विमानानं पाऊस वाढतो हे तरी कशावरनं? तो ढग तसाही पडला असता." मला उत्तर देता आलं नाही. माझ्या बाजूचे रिकामे चौकोन मीही पाहिले नव्हते! आणि शास्त्रज्ञांना छळणारा प्रश्न नेमका हाच आहे. म्हणूनच त्या प्रयोगात योग्य वाटलेल्या ढगांपैकी कुठल्यावर फवारायचं आणि कुठला तसाच सोडायचा, हे चिठ्ठी टाकावी तसं ठरवलं होतं. अशा 276 ढगांची तुलना झाली. 2023 मध्ये निष्कर्ष आले, त्यात पाऊस सुमारे 18 टक्के वाढल्याचं म्हटलं होतं. मी मामांना फोन करून सांगितलं, आणि हेही सांगितलं की ढगच नसेल तर फवारून काही होत नाही.

तुमच्या घरी मी असतो तर आधी विचारलं असतं, "तुम्ही काय पाहिलंय?" आणि मग दोघांनी मिळून न पाहिलेलं मोजायला घेतलं असतं. त्यात आपलाही दावा मोजला जातो, याची तयारी हवी. ती नसेल तर समोरच्याला ते लगेच कळतं.

18 टक्के ऐकून मामा जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पटलं. पण वाढीव पाऊस कुणाच्या रानात पाडायचा, हे कोण ठरवणार?" ह्याचं उत्तर कुठल्याच कॅलेंडरवर नाही, असं मी त्यांना सांगितलं. त्यावर आमचा वाद अजून चालू आहे.