‘डम्पिंगविरोधी शुल्क’ की आणखी काही? स्वस्त इलेक्ट्रिक गाड्यांच्या वादातले शब्द

एका वाचकाचा प्रश्न असा आहे : “‘युरोपाने न्याय व्यापारासाठी स्वस्त चिनी इलेक्ट्रिक गाड्यांवर डम्पिंगविरोधी शुल्क लावले’ असे वाक्य वाचनात आले. इथे ‘न्याय व्यापार’ बरोबर की ‘न्याय्य व्यापार’? की ‘फेअर ट्रेड’ला सरळ ‘रास्त व्यापार’ म्हणावे? आणि डम्पिंगला चांगला मराठी शब्द कोणता?”

व्याकरणाचे आधी उरकून टाकतो. ‘न्याय’ हे नाम, ‘न्याय्य’ हे विशेषण. बोलताना दुसरा ‘य’ धड ऐकू येत नाही, म्हणून लिहितानाही गळतो. ‘न्याय व्यापार’ म्हटले की कोणीतरी न्यायच विकायला काढला आहे असे वाटते. तेव्हा दोन ‘य’ हवेत. पण त्या वाक्यातली मोठी चूक वेगळीच आहे आणि ती ‘डम्पिंगविरोधी’ या शब्दात आहे.

आपण बोलताना कुठल्याही स्वस्त परदेशी मालाच्या लोंढ्याला ‘डम्पिंग’ म्हणून मोकळे होतो. व्यापाराच्या कायद्यात मात्र या शब्दाला नेमका अर्थ आहे. निर्यातदार स्वतःच्या देशात जी किंमत घेतो तिच्यापेक्षा कमी किमतीला तोच माल परदेशात विकतो, ते डम्पिंग. गॅट या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या सहाव्या कलमात ही व्याख्या आहे. अशा विक्रीने आयात करणाऱ्या देशातल्या उद्योगाचे नुकसान झाले किंवा होण्याचा धोका असला, तरच ती निषेधार्ह ठरते. म्हणजे प्रश्न माल स्वस्त आहे का, हा नसतो; घरच्यापेक्षा स्वस्त आहे का, हा असतो. आता गंमत पाहा : चिनी कंपन्यांच्या इलेक्ट्रिक गाड्या युरोपात ज्या किमतीला विकल्या जातात, ती त्यांच्या चीनमधल्या किमतीपेक्षा सहसा बरीच जास्त असते. वाहतूक, कर, युरोपीय नियमांसाठी केलेले बदल हे सगळे वजा करूनच खरी तुलना करावी लागते हे मान्य. तरीही डम्पिंगचा आरोप करायला ही जागा सोयीची नव्हती, आणि युरोपीय आयोगाने (युरोपीय महासंघाच्या कार्यकारी मंडळाने) तो केलाही नाही.

आयोगाने ४ ऑक्टोबर २०२३ रोजी जी चौकशी सुरू केली ती अनुदानांची होती. स्वस्त कर्जे, करसवलती, सवलतीत जमीन, बाजारभावाहून कमी दराने मिळणाऱ्या बॅटऱ्या अशा मार्गांनी चिनी सरकार या उद्योगाला पाठबळ देते, असा निष्कर्ष निघाला. मग ३० ऑक्टोबर २०२४ पासून पाच वर्षांसाठी, आधीच्या १० टक्के आयात शुल्काच्या वर आणखी शुल्क बसले : चिनी कंपन्यांपैकी बीवायडीला १७ टक्के, गीलीला १८.८ आणि एसएआयसीला ३५.३ टक्के. कंपनीगणिक दर वेगळा, कारण ज्याला जेवढे अनुदान मिळाले असे ठरते तेवढ्यापुरतेच शुल्क लावता येते. चौकशीत पुरेसे सहकार्य न करणाऱ्यांना सर्वांत चढा दर लागला. इंग्रजीत या प्रकाराला ‘काउंटरव्हेलिंग ड्युटी’ म्हणतात. डम्पिंगमध्ये बोट कंपनीकडे असते, इथे ते सरकारकडे आहे. बातमीत एक शब्द चुकला की आरोपीच बदलतो.

याला मराठीत काय म्हणावे? ‘प्रतिकारी शुल्क’ असा शब्द वापरात आहे, पण प्रतिकार कशाचा ते त्यात कळत नाही. ‘भरपाई शुल्क’ तर दिशाभूलच करतो. शुल्क सरकारी तिजोरीत जाते, नुकसान झालेल्या कारखान्याला त्यातून भरपाई मिळत नाही. मला ‘तोड’ हा शब्द इथे आणावासा वाटतो. अनुदानाला तोड म्हणून शुल्क, तेही तोडीस तोड, जास्त नाही. ‘तोडकर’ म्हणायचा मोह होतो, पण मग हे आडनाव असलेल्या मंडळींना रोज खुलासे करावे लागतील! तूर्त ‘अनुदानविरोधी शुल्क’ लिहावे. डौलदार नाही, पण वाचणाऱ्याला पहिल्या झटक्यात कळते.

डम्पिंगसाठी अर्थशास्त्राच्या पुस्तकांत ‘अवपुंजन’ आणि ‘राशिपातन’ असे शब्द आढळतात. दोन्ही शब्दांत ढीग आहे : पुंज म्हणजे ढीग आणि रास म्हणजेही ढीगच. इंग्रजी शब्दातले चित्र जसेच्या तसे उचलले, पण व्याख्येत ढिगाचा संबंधच नाही, सगळा मामला किमतीचा आहे. ‘मूल्यपातन’ म्हणावे तर ते ‘अवमूल्यना’च्या अंगावर जाते. ‘पडेल भावाने विकणे’ हा आपला जुना प्रयोग बोलीला छान आहे, फक्त त्यात विकणाऱ्याची अगतिकता येते आणि इथला विक्रेता मुळीच अगतिक नसतो. तेव्हा कायद्याच्या अर्थाने ‘डम्पिंग’ हाच शब्द ठेवावा, आणि नुसता लोंढा म्हणायचे असेल तेव्हा ‘बाजारात माल ओतणे’ म्हणावे.

अमेरिकेचे शुल्क या दोन्हींत बसत नाही. तिथे २७ सप्टेंबर २०२४ पासून चिनी इलेक्ट्रिक गाड्यांवरचे जादा शुल्क २५ वरून १०० टक्क्यांवर गेले. त्याचा आधार १९७४ च्या व्यापार कायद्याचे ३०१ वे कलम. त्यात अनुदान मोजून तेवढीच तोड काढण्याचे बंधन नाही. याला जुना मराठी शब्द जसाच्या तसा लागू पडतो : ‘संरक्षक जकात’. युरोपचे शुल्क आणि हे शुल्क एकाच शब्दाखाली आणणे मला पटत नाही. १७ टक्के भरूनही गाडी बाजारात येऊ शकते. १०० टक्क्यांनंतर ती येतच नाही.

आता ‘फेअर ट्रेड’. या एका नावाखाली दोन निराळ्या गोष्टी नांदतात. एक म्हणजे कॉफी-कोकोच्या पाकिटांवर दिसणारी चळवळ. तिचे पहिले प्रमाणचिन्ह १९८८ मध्ये नेदरलँड्समध्ये निघाले. गरीब देशातल्या उत्पादकाला जगण्यापुरता भाव मिळावा म्हणून ग्राहक आपखुशीने चार पैसे जास्त मोजतो. दुसरी गोष्ट तिच्याहून जुनी आहे. १८८१ मध्ये ब्रिटनमध्ये ‘नॅशनल फेअर ट्रेड लीग’ स्थापन झाली. ‘तुम्ही आमच्या मालावर जकात लावता, तर आम्हीही तुमच्यावर लावू’ असा तिचा रोख होता, आणि तो ‘फ्री ट्रेड’च्या, म्हणजे जकातमुक्त व्यापाराच्या, विरोधात होता. गाड्यांच्या वादातला ‘फेअर’ या दुसऱ्या घराण्यातला. इथे जपला जातो तो आयात करणाऱ्या देशातला उत्पादक, आणि जास्त पैसे ग्राहकाला मोजावेच लागतात, खुशीचा प्रश्न येत नाही.

म्हणून कॉफीवाल्या चळवळीला ‘न्याय्य व्यापार’ म्हणावे, तिथे तो शब्द शोभतो. गाडीच्या बॅटरीत जाणारे कोबाल्ट काँगोच्या खाणीतून काढणाऱ्या मजुराच्या मजुरीबद्दल बोलायचे असेल, तर गाड्यांच्या संदर्भातही तो चालेल. शुल्काच्या बातमीत मात्र नको.

‘रास्त’ हा शब्द मला फार आवडतो. फारसीत ‘रास्त’ म्हणजे सरळ, योग्य. मराठीत तो ‘रास्त मागणी’, ‘रास्त अपेक्षा’ असा सहज रुळला आहे. अडचण ‘रास्त भाव’ या जोडीमुळे येते. रास्त भाव म्हटले की आपल्या मनात घेणाऱ्याला परवडणारा भाव येतो. मग ‘रास्त व्यापारासाठी गाड्या महाग केल्या’ हे वाक्य मराठी कानाला उलटे लागते. त्यापेक्षा ‘निकोप स्पर्धा’ किंवा ‘समान अटींवर स्पर्धा’ म्हणावे. आयोगाचे म्हणणे नेमके तेवढेच होते.

हवामानबदलाची बाजू आली की ‘अनुदान’ हा शब्दही डळमळू लागतो. ज्या पैशाने जगात इलेक्ट्रिक गाड्या स्वस्त झाल्या तो पैसा गुन्ह्याचा पुरावा की उपकार? आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या आकड्यांप्रमाणे २०२४ मध्ये जगात १.७ कोटींहून अधिक इलेक्ट्रिक गाड्या विकल्या गेल्या. त्यांतल्या १.१ कोटींहून अधिक एकट्या चीनमध्ये खपल्या, आणि खपण्याचे एक ठळक कारण स्वस्ताई हेच. पेट्रोलची गाडी जितकी लवकर जाईल तितका कार्बन कमी. जागतिक व्यापार संघटनेच्या अनुदानविषयक करारात सुरुवातीला काही अनुदाने आक्षेपापलीकडची मानली होती. जुने कारखाने पर्यावरणाच्या नव्या नियमांना जुळवून घेण्यासाठी दिलेली ठरावीक मदत त्यांत होती. ती तरतूद १९९९ अखेर संपली आणि पुन्हा आली नाही. त्यामुळे आज कराराच्या भाषेत ‘चांगल्या कामासाठीचे अनुदान’ असा वेगळा वर्गच उरलेला नाही. युरोपातही या शुल्कावर एकमत नव्हते : ऑक्टोबर २०२४ च्या मतदानात १० देश बाजूने, ५ विरोधात आणि १२ तटस्थ. विरोधकांत खुद्द मोटारींचा देश जर्मनी होता.

शेवटी, न विचारलेल्या ‘चिनी’ या विशेषणाबद्दल. हे शुल्क ब्रँड पाहत नाही, गाडी कुठे बनली ते पाहते. टेस्ला अमेरिकन कंपनी, पण तिच्या शांघायमध्ये बनलेल्या गाड्यांवर युरोपात ७.८ टक्के जादा शुल्क आहे. एमजी हे गाड्यांचे नाव मुळात ब्रिटिश, मालकी चिनी एसएआयसीची. उलट चिनी कंपनीने युरोपातच कारखाना काढून बनवलेल्या गाडीला हे शुल्क लागू नाही. हायब्रिड गाड्याही त्यातून बाहेर आहेत. तेव्हा ‘चीनमध्ये बनलेल्या, केवळ बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या’ असे लिहावे. मथळ्यात एवढे मावत नसेल तर निदान बातमीच्या पहिल्या परिच्छेदात तरी.