'बाता'चं 'बात' करू नकोस

प्रिय बाळ,

कवितेच्या दोन्ही प्रती मिळाल्या. पहिलीत 'बाता' आहे, दुसरीत 'बात'. म्हणजे हिब्रूतल्या 'तू आलास'चं 'तू आलीस' केलंस, का तर आजीच्या कानावर जाईल. मराठीत हा बदल खपून जातो. हिब्रूत उच्चारातलं अख्खं एक अक्षर गळतं, ओळ लंगडते. तू नाचणारा मुलगा, तुला पावलात हे जाणवलं नाही?

क्रियापद बदलू नकोस.

नाच सोडू की कविता, हेही विचारलंस. हिब्रू कवी हेझी लेस्कलीने काहीच सोडलं नाही. जन्म 1952चा, आईवडील नाझी संहारातून वाचलेले. हॉलंडला गेला, परत येऊन तेल अवीवमध्ये नृत्यं बसवली, वर्तमानपत्रात नृत्यसमीक्षा लिहिली आणि कविताही लिहिल्या. पहिला संग्रह 1986चा. पुरुषांमधल्या संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम इथल्या, इस्राएलच्या कायद्यातून 1988मध्ये गेलं, म्हणजे त्यानंतर. 1992च्या संग्रहाच्या नावात त्याने लेआ गोल्डबर्गशेजारी उंदीर बसवले. जिच्या गोष्टी इथलं प्रत्येक मूल ऐकतं, तीच ती गोल्डबर्ग. शेवटच्या संग्रहाचं नाव 'प्रिय विकृतांनो'. लोक जो शब्द शिवीसारखा फेकत, तो त्याने 'प्रिय' लावून मुखपृष्ठावर घेतला. 1994मध्ये एड्सने गेला, चाळिशी नुकती ओलांडलेली. जीव वाचवणारी संयुक्त औषधं दोनच वर्षांनी आली. हे आठवलं की मला अजून राग येतो. कुणावर, ते सांगता येत नाही.

तो लिहीत होता, त्याच वर्षांत मीही लिहीत होतो. 1987मध्ये एका संपादकांनी अगदी गोड शब्दांत सुचवलं आणि मी 'बाता'चं 'बात' केलं. कविता छापून आली. अश्दोदच्या स्वयंपाकघरात आईने ती मराठीत सांगायला लावली. तिथेही मी 'आलीस' म्हणालो. आईने कात्रण सिद्दुरमध्ये, प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलं आणि जाईपर्यंत विचारत राहिली, "कोण रे ती?" ज्याच्यासाठी लिहिली होती त्यानेही वाचली. कागदाची घडी घालून परत दिली. पुन्हा माझ्या कविता मागितल्या नाहीत.

कायदा होता, नोकरी नवी होती, कोकणातून आलेल्या आईला या देशात माझ्याशिवाय कुणी नव्हतं. हे सगळं खरं आहे. मी भित्रा नव्हतो, बाळा. पण ती कविता माझी राहिली नाही, हेही खरंच. म्हणून पुन्हा सांगतो, क्रियापद बदलू नकोस. घरी सांगायचं की नाही, कधी सांगायचं, ते तू ठरव. त्यात मी पडणार नाही. कविता कपाटात ठेव, दहा वर्षं ठेव, पण 'बाता' तसंच ठेव.

बुधवारी तुझ्या आजीकडे चहाला जातोय. तिला हिब्रू वाचवत नाही, कविता माझ्यापुढेच करेल. तू हो म्हणालास तर पहिली प्रत वाचेन आणि मराठीत 'आलास' सांगेन. नाही म्हणालास तर चष्मा विसरलो म्हणेन. दुसरी प्रत मात्र मी वाचणार नाही.

मंगळवारपर्यंत कळव.

तुझा,
काका