दुसरी झोप

मी समुपदेशक. पहिल्याच भेटीत एका बाईंनी माझ्या टेबलावर दोनशे पानी वही ठेवली. "मॅडम, सगळं लिहून काढलंय. तरी रात्री झोप नाही," म्हणाल्या.

वहीत त्यांच्यामागे संडे स्कूल, म्हणजे चर्चमधला मुलांचा रविवारचा वर्ग, कसा चालवायचा याची सोय लावलेली होती. त्यांचं गर्भाशय काढायचं ठरलं होतं, आपल्याकडे ज्याला 'पिशवीचं ऑपरेशन' म्हणतात ते. वय ४४. गाठी मोठ्या, दोन वर्षं अंगावरून भरमसाट जायचं, हिमोग्लोबिन ७.२ पर्यंत उतरलेलं. बाईमाणसाचं ते १२ च्या वर हवं. डॉक्टरांनी मार्चमध्येच तारीख द्यायची तयारी दाखवली होती. यांनी ईस्टर पार पडू दे म्हणून पुढे ढकललं. त्या काळात सलाईनमधून लोह घेतलं आणि रक्त थोडं वर आलं.

गेली अकरा वर्षं त्या चर्चमध्ये मुलांची सेवा करतात. दर रविवारी ३५-४० मुलं असतात. मे महिन्यात पाच दिवसांचं व्हीबीएस असतं, म्हणजे सुट्टीतलं बायबल शिबिर. तेव्हा आकडा साठच्या पुढे जातो. मुलं त्यांना 'बाई' म्हणतात. मीही इथे तेच म्हणते. ही हकिगत त्यांच्या परवानगीने लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

बाईंचा हिशेब असा होता: ईस्टरनंतरच्या बुधवारी ऑपरेशन, दहा दिवसांत टाके, आणि सव्विसाव्या दिवशी शिबिराची सुरुवात. "तोपर्यंत मी उभी राहीन ना?" हा त्यांचा प्रश्न. चर्चची सेवा असो, बालवाडी असो, भजनी मंडळ असो, एखादं काम जिवाभावाने उभं केलेल्या बायका माझ्याकडे हाच प्रश्न घेऊन येतात. मी थांबले तर हे मोडेल का? आणि त्याखाली दबलेला दुसरा: मी थांबले तर देवाला काय वाटेल?

मी वही चाळली. चौदा पानं. कोणतं मूल कुठून येतं, कोणाला रिक्षाने आणायचं, कोणाला कोणाशेजारी बसवायचं नाही, प्रत्येकाचा वाढदिवस, दर रविवारचं पाठांतराचं वचन, सरबताला साखर किती. अक्षर मोत्यासारखं. पंधराव्या पानावर वर 'घर' असं लिहून खाली रेघ मारलेली. रेघेखाली दोन शब्द: 'मम्मी बघतील.'

मम्मी म्हणजे सासूबाई. वय ७१, दोन्ही गुडघे गेलेले. त्या शेजारच्याच खुर्चीत बसल्या होत्या आणि पंधराव्या पानाबद्दल त्यांना काहीच ठाऊक नव्हतं.

घरात आणखी तिघं. पती रेल्वेत, ड्युटी पाळीची. थोरली लेक नुकतीच नववी झालेली, धाकटा मुलगा सहावीत. मी बाईंना काही सुचवायच्या भानगडीत पडले नाही. मी ख्रिस्ती नाही. त्यांच्या श्रद्धेतलं त्यांना मी शिकवणं शोभलं नसतं. मी एवढंच विचारलं, "दमलेल्या माणसाची एखादी गोष्ट मुलांना सांगता का?"

बाई लगेच सरसावून बसल्या. एलीया संदेष्ट्याची गोष्ट. राणीने जिवे मारायची धमकी दिली, हा रानात पळाला, झुडपाखाली पडला आणि देवाला म्हणाला, आता पुरे, माझा प्राण घे. "मग देवदूत आला. रागावला का? नाही. त्याने त्याला हात लावून उठवलं. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकरी आणि पाणी. एलीया उठला, जेवला, आणि चाळीस दिवस चालत गेला!" हातवाऱ्यांसकट सांगितलं. मुलं का येतात ते मला तिथेच कळलं.

"लगेच कुठं गेला?" सासूबाई म्हणाल्या. "खाऊन परत आडवा झाला की तो. देवदूत दुसऱ्यांदा आला, परत जेवू घातलं, तेव्हा निघाला. तू मधलं गाळलंस."

बाईंनी पर्समधून बायबल काढून पाहिलं. पहिल्या राजे पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय. सासूबाईंचं बरोबर होतं. त्यांचं बालपण मिशनच्या शाळेत गेलं. सोलापुरात अमेरिकन मराठी मिशनचं काम एकोणिसाव्या शतकापासूनचं आहे. त्या पिढीला बायबल आणि नारायण वामन टिळकांची भजनं सारखीच तोंडपाठ.

ती दुसरी झोप मला फार कामाची वाटली, कारण या ऑपरेशनमध्ये नेमकी तीच गाळली जाते. पहिले दहा दिवस घर आपणहून बाईला झोपू देतं. माणसं भेटायला येतात, डबे येतात. टाके निघाले की सगळ्यांना ती बरी दिसते, तिला स्वतःलाही. पोट उघडून केलेल्या ऑपरेशनला मात्र आतून भरून यायला सहा ते आठ आठवडे लागतात. दुर्बिणीतून केलं तर माणूस लवकर हिंडूफिरू लागतं, तरी आतले टाके आतलेच. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात बाहेरून काही दिसत नाही, म्हणून कोणी विचारत नाही. बाईंचं शिबिर बरोबर चौथ्या आठवड्यात येत होतं.

झोप म्हणजे दिवसभर अंथरुणात पडून राहणं नव्हे, हेही सांगून ठेवते. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दुसऱ्या दिवसापासूनच थोडं थोडं चालायला लावतात. मनाई असते ती वजन उचलायला, जोर लावायला, वाकून पुसायला, खड्ड्यांतून गाडी चालवायला.

शिबिराला जायचं नाही, हे बाईंनी त्याच भेटीत मान्य केलं असं नाही. त्यासाठी तीन भेटी लागल्या. मधे मंडळीतली, म्हणजे चर्चच्या सभासदांतली, एक बाई त्यांना म्हणाली होती, "विश्वास थोडा कमी पडतोय का बघा." ते वाक्य त्यांना फार टोचत होतं. अशा बोलण्याला समुपदेशकाचं उत्तर पुरत नाही, ते मंडळीतूनच यावं लागतं. मी त्यांना पाळकसाहेबांशी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंशी, बोलायला सांगितलं. पुढच्या रविवारी उपासनेत पाळकांनी जाहीर केलं: बाई सात रविवार रजेवर, मुलांचा वर्ग कोण कोण घेणार त्यांची नावं, आणि घरी जेवणाचे डबे कोणत्या वारी कोणाकडून. चारचौघांत सांगितलं म्हणून ती रजा झाली. न सांगता घरी राहिल्या असत्या तर तीच गैरहजेरी झाली असती.

बदलीच्या माणसांबाबत मी एका गोष्टीवर अडून बसले. घाईत 'जो तयार होईल तो' घ्यायचा नाही. मुलांबरोबर कायम दोन मोठी माणसं हवीत, कोणीही एकट्याने मुलाला वेगळ्या खोलीत किंवा बाथरूमला नेऊ नये, आणि पालकांना नावं आधी माहीत असावीत. बाई क्षणभर दुखावल्या, "आमच्यात तसलं कोणी नाही," म्हणाल्या. असं प्रत्येक ठिकाणी म्हणतात. २०१२ चा पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, मुलाच्या ओळखीचीच माणसं डोळ्यांसमोर ठेवून वाचावा. शेवटी कॉलेजच्या दोन मुली, ढोलकी वाजवणारा एक तरुण आणि पाळकांच्या मिसेस, अशी चौघं ठरली.

मुलांना काय सांगायचं? बाईंनी ठरवलं होतं, 'गावाला गेलेय' म्हणायचं. कारण विचारलं तर बराच वेळ गप्प राहिल्या. वर्गात आठ वर्षांचा एक मुलगा होता. त्याची आई ऑपरेशनला म्हणून गेली आणि परत आली नाही. तो आजीकडे राहतो.

याच मुलासाठी खरं सांगणं जास्त गरजेचं होतं. मुलांना खोटं लवकर कळतं. कारण कळलं नाही की लहान मूल स्वतःतच कारण शोधतं: मी दंगा केला म्हणून बाई गेल्या. आम्ही वाक्यं बसवली. 'माझ्या पोटात गाठी झाल्यात. डॉक्टर झोपेचं औषध देऊन त्या काढणार. दुखेल, पण औषध असतं. अमुक रविवारी मी परत वर्गात बसेन.' तो रविवार कॅलेंडरवर मुलांनीच लाल खडूने रंगवला. त्या मुलाशी मात्र बाई आजीच्या समोर वेगळ्या बोलल्या. त्याने विचारलं, "नक्की परत येणार?" नक्की असं कोण म्हणू शकतं? बाई म्हणाल्या, "ऑपरेशन झालं की त्याच दिवशी तुझ्या आजीच्या मोबाईलवर फोन येईल. काका करतील." जे पाळता येईल तेवढंच वचन दिलं. पतींनी दवाखान्याच्या जिन्यातून त्या दुपारी जे फोन केले, त्यात पहिला बाईंच्या भावाला आणि दुसरा त्या आजीला.

लेकीशी मी एकटीने वीस मिनिटं बोलले. ती सुरुवातीला नखं खात बसली. मग म्हणाली, "तिकडे ती नाचून ॲक्शन साँग घेते. घरी आली की 'हळू बोला, डोकं दुखतंय'. आमच्या वाटणीला आवाज उरतच नाही." सेवा बंद कर असं तिचं म्हणणं नव्हतं, आईचा तिला अभिमान होता. काय हवंय विचारलं तर म्हणाली, "रविवारी माझी वेणी." बाई रविवारी आठला घर सोडायच्या. लेक कित्येक वर्षं रविवारी स्वतःच कशीतरी पोनी बांधून चर्चला जात होती.

बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या आधी स्वतःचा बचाव करू लागल्या आणि मधेच थांबल्या. केसांना तेल लावून वेणी घालायला ना वाकावं लागतं ना वजन उचलावं लागतं. ऑपरेशननंतरच्या दुसऱ्याच रविवारी पाठीला दोन उशा लावून त्यांनी लेकीला समोर बसवलं. हात लवकर दुखून आला, म्हणून एका बाजूची वेणी घालून विश्रांती घेतली आणि मग दुसरी घातली.

आता माझी चूक. पंधरावं पान आम्ही एकत्र भरलं होतं: स्वयंपाक, डबे, औषधं, धाकट्याचा क्लास, सासूबाईंच्या गोळ्या. पाणी राहिलं. सोलापुरात तेव्हा नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं, कधी भलत्या वेळी, आणि आलं की घरातलं प्रत्येक भांडं भरून घ्यावं लागायचं. मी याच गावची, तरी विचारलं नाही. अठराव्या दिवशी रात्री अकराला पाणी आलं. पती रात्रपाळीला, मुलं झोपलेली, सासूबाईंना उठवायचं जिवावर आलेलं. बाईंनी स्वतःच आठ बादल्या भरून आत नेल्या. भरलेली बादली पंधरा-सोळा किलोची असते. डिस्चार्ज कार्डावर चार-पाच किलोची मर्यादा लिहिलेली होती.

सकाळी रक्त दिसलं. डॉक्टरांनी तपासलं, आतले टाके सुदैवाने शाबूत होते. आठ दिवस सक्त विश्रांती सांगितली. या काळात रक्तस्राव, ताप, घाण वास येणारा स्राव, पोटरीत दुखणं किंवा दम लागणं यांपैकी काहीही झालं तर वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

त्या आठवड्यात त्या खूप रडल्या. अंडाशय शाबूत ठेवले होते, म्हणजे पाळी जाण्याची लक्षणं एकदम अंगावर यायचं कारण नव्हतं. तरीही मोठ्या ऑपरेशननंतर मन असं भरून येतं. त्यात बाहेर शिबिराची तयारी चाललेली. मी त्यांना रडू दिलं. लक्ष मात्र ठेवलं: उदासी सलग दोन आठवडे हटली नाही, भूक-झोप उडाली, जगणं नकोसं वाटू लागलं, तर मानसोपचार तज्ज्ञ गाठायचे. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक मी सासूबाईंकडेही लिहून दिला. तो लावावा लागला नाही.

शिबिर झालं. बाईंशिवाय पाचही दिवस पार पडले. कॉलेजच्या मुलीने एलीया आणि त्याचा शिष्य अलीशा यांची गल्लत केली. मुलांनीच ती दुरुस्त केली. एक दिवस सरबत कमी पडलं. बाईंना हे सगळं कळत होतं. "फोन करून सांगावंसं वाटत होतं, पण केला नाही," त्या म्हणाल्या. मला हे फोन न करणं दहा दिवसांच्या चालण्याच्या व्यायामापेक्षा मोठं वाटलं.

आणि पाणी? पंधराव्या पानावर आता लेकीच्या अक्षरात एक ओळ आहे: 'नळ आला की मला उठवायचं. आईने उठायचं नाही.' धाकट्याने त्याखाली स्वतःची सही केली आहे.

डॉक्टरांनी होकार दिल्यावर आठव्या रविवारी बाई वर्गात गेल्या. खुर्चीत बसायचं, शिकवायचं नाही, एवढंच ठरलं होतं. दारात तो आठ वर्षांचा मुलगा सगळ्यांच्या आधी येऊन थांबला होता. त्याने त्यांच्या पोटाकडे पाहिलं आणि विचारलं, "टाके किती?" बाईंनी आकडा सांगितला. त्याने मान हलवली आणि कोपऱ्यातल्या सतरंजीचं एक टोक धरून ओढायला लागला. बाई सवयीने दुसऱ्या टोकाकडे वळल्या. तोवर ते लेकीने उचललं होतं. ती दर रविवारी वर्गात येते असं नाही. त्या दिवशी आली होती, दोन घट्ट वेण्या घालून.