मुलीचं नाटक आणि शेवटची एसटी

"मॅडम, पोरगी नववीत आहे. पुढल्या वर्षी दहावी. तिच्या डोक्यातलं नाटक तेवढं काढून द्या."

अमळनेर तालुक्यातल्या एका कापूसवाल्या शेतकऱ्याची ही मागणी (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). दिवाळीनंतर स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू झाल्या की मुलींच्या शाळांमधले पालक माझ्याकडे समुपदेशनाला हेच घेऊन येतात. बोलणं मार्कांपासून सुरू होतं, पण बहुतेकदा दुखणं मार्कांत नसतं.

मुलीची सहामाहीची गुणपत्रिका पाहिली. गणित कच्चं, पण ते सातवीपासूनच कच्चं. मग भाऊ, म्हणजे मुलीचे वडील, हळूहळू खरं बोलायला लागले. मुलींची शाळा असल्यामुळे पुरुषांच्या भूमिकाही मुलीच करतात. यांच्या लेकीला सासऱ्याची भूमिका मिळाली होती. "मन्ही आंडेर मिशी लाई ऱ्हायनी! लोके काय म्हनतीन?" म्हणजे, माझी लेक मिशी लावतेय, लोक काय म्हणतील? शेजारी बसलेल्या ताई, मुलीची आई, पदराआड हसल्या.

बालगंधर्वांनी वर्षानुवर्षं स्त्रीभूमिका केल्या आणि आपण नाट्यगृहांना त्यांचं नाव देतो, आपल्या जळगावच्या खुल्या नाट्यगृहालाही. मुलीच्या मिशीवर मात्र आपला इतका राग का, हे मी त्यांना विचारलं. त्यांना ते पटलं नाही. पटायला हवं असा माझा आग्रहही नव्हता, कारण मिशीच्या मागे आणखी काहीतरी दडलेलं दिसत होतं.

ते ताईंनी सांगितलं. शाळा पाचला सुटते, गावाकडे जाणारी शेवटची एसटी साडेपाचची. तालीम सातपर्यंत चालायची. एसटीचा मोफत पास असून उपयोग काय, गाडीच नाही! एकदा गावातल्या एका मुलाने हिला आणि तिच्या मैत्रिणीला मोटरसायकलवरून घरी सोडलं. पारावर बसलेल्यांनी ते पाहिलं आणि रात्री भाऊंच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवसापासून घरात नाटक बंद, आणि कारण म्हणून दहावी पुढे.

मुलीशी मी वेगळी बोलले. ती तोंड उघडेना. शेवटी "तुझं एखादं वाक्य म्हण" म्हटल्यावर खुर्चीत पाय पसरून, आवाज खाली नेत सासरा उभा केला तो असा, की मीच सावरून बसले. वर्गात ती हात वर करत नाही, कारण बोलताना मधेच अहिराणी येते आणि मुली हसतात. सासरा मात्र अहिराणीच बोलतो, आणि नाटक बसवणाऱ्या बाईंना तेच हवं होतं.

नाटक केलं की गणित सुधारतं, असं मी पालकांना कधीच सांगत नाही. तसं होईलच असं नाही. पण नाटक काढून घेतलं की ते दोन तास गणिताला मिळतात, हाही भ्रमच. तालीम बंद असलेल्या आठवड्यात ती संध्याकाळी काय करत होती, हे मी तिच्याकडून लिहून घेतलं. बराचसा वेळ आईच्या मोबाइलवर गेला होता.

मग मी शाळेतल्या बाईंना भेटले. त्यांना एसटीची वेळ ठाऊकच नव्हती, कारण बाकीच्या बहुतेक मुली शाळेच्याच गावातल्या. शनिवारी शाळा सकाळची असते. मोठी तालीम शनिवारी दुपारी ठेवायची आणि एरवी मधल्या सुट्टीत संवाद पाठ करून घ्यायचे, असं ठरलं. खासगीत मला वाटतं, तालीम रात्रीच रंगते हा समज मोठ्यांच्या नाटकांतून शाळेत शिरलाय. घरातही एक बोलणं झालं: गणितात मार्क कमी पडले म्हणून तालीम बंद, अशी धमकी द्यायची नाही. गणितासाठी शिकवणी लावली.

मुलीला पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात जायचं होतं. तिथे आधी पदवी लागते, हे ऐकून तिचा चेहरा पडला आणि भाऊंचा खुलला. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात बारावीनंतर नाटक शिकता येतं, हेही मी दोघांसमोर सांगितलं. म्हणजे नववीत तिच्या आयुष्याचा निकाल लावायची कोणालाच घाई नव्हती.

प्रयोगाला ताई आल्या. भाऊ आले नाहीत. कापूस वेचणीला मजूर मिळत नव्हते, असं त्यांनी सांगितलं. दहावीच्या वर्षी तिने स्वतःहून भूमिका घेतली नाही, पण शनिवारी नव्या मुलींचे संवाद बसवून घ्यायला जात राहिली. परवा भाऊंचा फोन आला होता. पुण्यात मुलींच्या वसतिगृहाला वर्षाला किती खर्च येतो, ते विचारत होते.