चैत्रातली लोकर

प्रिय मनू,

काल वाईहून फोनवर तू विचारलंस, "एवढ्या उन्हात आजी लोकर घेऊन का बसते? आणि एवढं सगळं विणून बाळाला आधी जुनेच कपडे घालायचे, असं का म्हणते?" मागे कोकिळ इतका ओरडत होता की मला धड बोलताच आलं नाही. म्हणून लिहिते आहे.

मावशीचं पहिलं बाळंतपण, म्हणजे ते माहेरी, वाईलाच होणार. बाळ येईल आषाढात. तू वाई पाहते आहेस ती चैत्रातली, मोगऱ्याची, कृष्णेला जेमतेम पाणी असतानाची. आषाढात महाबळेश्वरच्या बाजूनं झड लागते, भिंतींना ओल येते, दोरीवरचं दुपटं दोन दोन दिवस वाळत नाही. तेव्हा बाळाला टोपरं, कुंची, मोजे हवेतच. आणि विणायला दिवस हेच. शाळू घरात आलेला असतो, पाडवा आणि बावधनचं बगाड होऊन गेलेलं असतं, दुपार सरता सरत नाही. पुढे वाळवणं, कौलं चाळणं, पेरणी सुरू झाली की आजीच्या हाताला सुया लागत नाहीत.

लोकर आपल्याकडे नवी नाही बरं का. इथे स्कॉटलंडमध्ये जिकडे तिकडे मेंढ्या बघून तुला ती इथलीच वाटत असेल. पण साताऱ्याच्याच माण-खटाव भागात धनगरांचे कळप आहेत. त्या दख्खनी मेंढ्यांच्या लोकरीची घोंगडी सनगर समाजाचे विणकर मागावर विणतात आणि चिंचोक्याची खळ लावून कडक करतात. आजोबा राखणीला जाताना तेच खांद्यावर टाकायचे. थंडीत पांघरूण, पावसात डोक्यावर खोळ, बसायला आसन. बाळाला मात्र ते टोचेल, म्हणून आजी दुकानातली मऊ लोकर आणते.

आता जुन्या कपड्यांचं. आपल्या घरात पहिलं झबलं आणि पहिलं दुपटं कुणातरी म्हाताऱ्या, धडधाकट माणसाच्या वापरलेल्या सुती कापडाचं करतात. त्यांचं आयुष्य बाळाला लाभावं, ही श्रद्धा. नव्या कापडाची खळ कोवळ्या अंगाला खुपते, हे कारणही आहेच. तुझं पहिलं दुपटं पणजीच्या नऊवारीचं होतं. धुवून धुवून सायीसारखं झालेलं. पणजीनं तुला पाहिलं नाही, पण तू तिच्या लुगड्यात झोपलीस, हे मला फार मोलाचं वाटतं. आजी विणते ते बारशाला, बाळंतविड्यात द्यायचं.

परसातही सध्या हेच चालू असेल, जरा बघ. शिंपी पक्षी रुंद पानाच्या कडांना चोचीनं भोकं पाडतो, त्यातून कापूस नाहीतर कोळ्याचा धागा ओवून पान शिवतो आणि आत मऊ अस्तर घालतो. शिंजीरची मादी एकटीच कोळिष्टकं गोळा करून लोंबतं घरटं बांधते. पाडव्याला आजी सगळं घर झाडते, पण मागच्या पडवीतली जळमटं ठेवते, ती तिच्यासाठी. कावळ्याच्या घरट्यात मात्र कोकिळा अंडी घालून जाते, ती काहीच विणत नाही. लोकरीचे लांब तुकडे झाडावर टाकू नकोस हं. पिल्लांच्या पायात अडकतात. सावरीचा कापूस उडायला लागला की त्यांना तोच पुरतो.

दुपारच्या चहाआधी लडीचा गुंडा करायला आजीला अजून दोन हात लागतात, तेव्हा जाऊन बस. दोन सुलट, दोन उलट एवढं तिच्याकडून शिकून घे. टोपऱ्याच्या काठाला तीच वीण असते. ती ताणते आणि परत जागेवर येते, म्हणून बाळाचं डोकं वाढलं तरी टोपरं काही महिने पुरतं. टाका सुटला तर ओढू नकोस, तसाच आजीच्या हातात दे.

तुझी,
आई