काकू, कॉफी सोडू का?

प्रश्न : काकू, मी डोंबिवलीला राहते, नोकरी लोअर परळला. हातात ३८ हजार येतात. रोज जाता-येता पाण्याची बाटली घेते आणि आठवड्यातून तीनदा तरी टीममधल्या सगळ्यांबरोबर ऑफिसखालच्या कॉफी शॉपमध्ये जाणं होतं. परवा बाबांनी माझं यूपीआयचं स्टेटमेंट पाहिलं आणि म्हणाले, "या कॉफीपायी तुझं घर कधी व्हायचं नाही." खरंच एवढा फरक पडतो का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : हिशेब करू या, म्हणजे भांडण तरी आकड्यांवर होईल. कॉफी टॅक्ससकट तीनशेची धरली तर महिन्याला तेरा वेळा, म्हणजे ३,९०० रुपये. वर्षाचे ४६,८००. तेच दरमहा आरडीत टाकलेस तर दहा वर्षांनी साडेसहा लाखांच्या पुढेमागे हातात येतील. रक्कम लहान नाही, पण तेवढ्यात डोंबिवलीत फ्लॅट येत नाही. फार तर स्टॅम्प ड्यूटी आणि रजिस्ट्रेशन सुटतं. स्टॅम्प ड्यूटीवरून आठवलं. महाराष्ट्रात घर बाईच्या नावावर घेतलं तर त्यात एक टक्का सवलत आहे, २०२१ पासून. साठ लाखांच्या घरावर साठ हजार वाचतात, म्हणजे तुझ्या वर्षभराच्या कॉफीहून जास्त. बाबांना सांग, घर घ्यायची वेळ आली की माझ्या एकटीच्या नावावर घेऊ. ते कॉफीचा विषय आपोआप सोडतील.

आता तीनशे रुपयांत तू नेमकं काय विकत घेतेस ते बघ. एका कपात साधारण अठरा ग्रॅम कॉफी आणि दीड-दोनशे मिली दूध. दोन्ही मिळून तीसेक रुपयांचा माल. बाकीचे पैसे जातात लोअर परळच्या जागेच्या भाड्यात, एसीत, मशीनमध्ये, पोरांच्या पगारात. यात फसवणूक काही नाही. तू खुर्ची भाड्याने घेतेस, कॉफी तिच्यासोबत येते. म्हणून माझा नियम सोपा आहे. तासभर बसणार असशील, कुणाशी मनातलं बोलायचं असेल, तर खुशाल जा. पण कप हातात घेऊन लिफ्टने परत डेस्कवर येणार असशील, तर खुर्चीचं भाडं भरून तू उभीच राहिलीस. तुझ्या तीनपैकी किती वेळा असं होतं ते तुलाच ठाऊक. माझा अंदाज, दोनदा.

सगळ्यांसमोर "मी नाही येत" म्हणणं जड जातं, हे मला कळतं. मग म्हणूच नकोस. सोबत जा, गप्पा मार, काही घेऊ नकोस. टीटीएमएमच्या जमान्यात तुझा कप कुणी मोजत नाही. आणि कॉफीची तल्लफच असेल तर एखाद्या शनिवारी माटुंग्याला उतर. तिथल्या उडुपी हॉटेलात स्टीलच्या पेल्यातली फिल्टर कॉफी तुझ्या कपाच्या कितीतरी कमी पैशांत मिळते. फक्त तिथे खुर्ची अडवून बसता येत नाही. मागे उभा असलेला माणूस तुझ्या वाटीतलं सांबार कधी संपतंय ते बघत असतो.

पाण्याच्या बाबतीत मात्र मी बाबांच्या बाजूने आहे. वीसची बाटली, दिवसाला दोन, महिन्याचे हजार, वर्षाचे बारा हजार. मुंबईत महापालिका घरगुती पाणी हजार लिटरला सहा-सात रुपयांच्या दराने देते. तुझ्या एका बाटलीच्या पैशांत तीन हजार लिटर! इथे खुर्ची नाही, एसी नाही, मैत्रीण नाही. तू म्हणशील, सकाळच्या फास्टमध्ये बॅग पोटाशी धरून उभं राहायचं, त्यात लिटरची बाटली कुठे कोंबू? खरं आहे, आणि झाकण सैल निघालं तर डबा, चार्जर, लॅपटॉप सगळ्यांची आंघोळ. म्हणून लिटरची घेऊच नकोस. अर्ध्या लिटरची, आट्यांच्या झाकणाची स्टीलची घे, घरून अर्धीच भर, ऑफिसात पूर्ण भर आणि संध्याकाळी निघताना पुन्हा. ऑफिसातलं पाणी फुकट आहे, त्याला लाजायचं कशाला?

विसरलीसच कधी, तर स्टेशनवर 'रेल नीर' माग. २२ सप्टेंबर २०२५ ला पाण्यावरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला, तेव्हा रेल्वेने लिटरची बाटली १५ वरून १४ रुपये केली आणि अर्ध्या लिटरची १० वरून ९. स्टॉलवाला "कूलिंगचे" म्हणून वर मागेल, किंवा सुटे नाहीत म्हणून रुपया ठेवून घेईल. सरळ यूपीआयने चौदा पाठव. फारच हुज्जत घातली तर १३९ या रेल्वेच्या हेल्पलाइनला तक्रार होते. मी असते तर तिथेच स्टॉलसमोर उभी राहून फोन लावला असता, पण तुझी गाडी सुटेल.

प्रश्न : नाशिकहून पुण्याला येताना हायवेवरच्या एका हॉटेलात वीस रुपये छापलेली पाण्याची बाटली बिलात चाळीसला लावली. विचारलं तर मॅनेजर म्हणाला, "आम्हाला परवानगी आहे." हे खरं का?
– एक निवृत्त शिक्षक, संगमनेर

उत्तर : सर, टेबलावर बसून घेतली असेल तर दुर्दैवाने तो बरोबर बोलला. डिसेंबर २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हॉटेल नुसती बाटली विकत नाही, सेवाही देतं, म्हणून तिथे एमआरपीचं बंधन नाही. पण त्याच हॉटेलबाहेरच्या टपरीवर, दुकानात, स्टँडवर छापलेल्या किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही. तिथे घेतला तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला कळवा. बिलात 'सर्व्हिस चार्ज' दिसला तर तो ऐच्छिक असतो, काढायला सांगा.

खरी मेख वेटरच्या पहिल्या प्रश्नात आहे. "साधं की बिसलेरी?" आपल्यासमोर पाहुणे असतात आणि "साधं" म्हणताना जीभ अडखळते. तुम्ही वर्गात साठ मुलांसमोर उभे राहिलात, तुम्हाला काय अवघड? एसटीने येत असाल तर स्टँडवर 'नाथजल' घेऊन चढा. महामंडळाचं पाणी आहे, बाहेरच्या बाटलीपेक्षा स्वस्त पडतं.

प्रश्न : आम्ही पुण्यात सिंहगड रोडला राहतो. जानेवारी २०२५ मध्ये जीबीएसची, म्हणजे हातापायांतली ताकद जाणाऱ्या मज्जातंतूंच्या आजाराची, साथ आली तेव्हापासून पिण्यासाठी वीस लिटरचा जार घेतो, चाळीस रुपयांना. घरात चार माणसं. आता बंद करावा का?
– एक गृहिणी, धायरी

उत्तर : तुम्ही तेव्हा घाबरलात ते योग्यच होतं. पाण्यावरच संशय होता आणि रुग्णांच्या नमुन्यांत 'कॅम्पिलोबॅक्टर' नावाचा जंतू सापडला होता. पण चाळीस रुपयांचा तो जार कसला आहे ते आधी बघा. झाकणाला सील आहे का, लेबलवर आयएस १४५४३ हा बाटलीबंद पाण्याचा मानक क्रमांक आणि तारीख आहे का? तोटी लावलेला, रोज धुऊन परत भरलेला थंड जार असेल तर त्यात कुठल्या बोअरचं पाणी आहे ते आणणाऱ्या पोरालाही माहीत नसतं.

उकळणं हाच भरवशाचा मार्ग. खळखळून उकळी आल्यावर मिनिटभर ठेवलं की हा जंतू मरतो. चार माणसांना रोज दहा लिटर लागतं. साडेआठशेचा सिलिंडर धरला तर दहा लिटर उकळायला साताठ रुपयांचा गॅस जातो. जारचं दहा लिटर वीसला पडतं. उन्हाळ्यात रात्रीच उकळून माठात ओता, सकाळपर्यंत गार होतं. माठ मात्र आठवड्याला आतून घासायचा, आणि पाणी काढायला लांब दांड्याचं ओगराळं ठेवा. मुलं पेला बुडवतात.