पिकअपच्या बेड रेलवर सुरक्षितपणे किती वजन ठेवता येतं? रॅक आणि रूफटॉप टेंट लावायचा आहे

तुम्ही दिलेली माहिती अशी: अमेरिकेतला हाफ-टन (हलक्या वर्गातला) पिकअप, साडेपाच फुटी बेड (मागचा माल ठेवायचा भाग), रेलवर (बेडच्या बाजूच्या भिंतींच्या वरच्या कडेवर) क्लॅम्पने, म्हणजे शिकंज्याने, बसणारा ८० पौंडांचा रॅक, त्यावर १६० पौंडांचा टेंट, आणि रात्री त्यात झोपणारे तुम्ही दोघं मिळून ३२० पौंड. गादी-पांघरुणाचे २० पौंड मी धरतो.

रेल एवढं पेलतील. मात्र रॅकचे पाय योग्य जागी बसायला हवेत. आणि तुम्हाला भीती वाटते आहे ती रात्रीच्या वजनाची, पण रेलला खरा त्रास होतो तो दिवसा, गाडी चालताना.

हिशोब करून बघा. रात्री गाडी उभी असताना रेलवर रॅक ८०, टेंट १६०, तुम्ही ३२० आणि गादी २० असे ५८० पौंड येतात, म्हणजे चार पायांवर प्रत्येकी १४५. दिवसा टेंट रिकामा, रेलवर फक्त २४० पौंड. पण खडबडीत रस्त्यावर चाक खड्ड्यातून उसळलं की वरचं वजन क्षणभर दुप्पट-तिप्पट होऊन आदळतं. तिप्पट धरलं तर ७२० पौंड, तुम्ही दोघं वर झोपलेले असताना येतात त्याहून जास्त. रात्रीचं वजन एकदा चढतं आणि शांत बसतं. हे धक्के एका फेरीत हजारो वेळा बसतात. पत्रा एका झटक्यात सहसा मोडत नाही, असा थकून चिरतो.

म्हणूनच रॅकवर दोन वेगळी वजनं लिहिलेली असतात, उभ्या गाडीचं आणि चालत्या गाडीचं. तुम्ही चालत्या गाडीचं बघा. क्लॅम्पने बसणाऱ्या बऱ्याच ॲल्युमिनियम रॅकवर डांबरी रस्त्यासाठी ४५० ते ५०० पौंड लिहिलेलं असतं, आणि काही कंपन्या कच्च्या रस्त्यासाठी तेच ३०० वर आणतात. वजन सर्वत्र सारखं पसरलेलं आहे असं त्यात गृहीत असतं. उभ्या गाडीचा आकडा दिलेला नसेल तर चालत्या गाडीच्या आकड्याला मनाने गुणून तो काढू नका, रॅक बनवणाऱ्याला लेखी विचारा.

पण हे सगळे आकडे रॅकचे आहेत. रेलवर उभं वजन किती चालेल हे गाडी बनवणाऱ्या कंपन्या सहसा छापतच नाहीत. मॅन्युअलमध्ये बेडमधल्या हुकांची क्षमता सापडते, ती माल बांधताना बसणाऱ्या ओढीसाठी असते. तिच्यावरून रेलचं वजन ठरवू नका. १,००० पौंडांचा रॅक घेतला म्हणून खालचा पत्रा १,००० पौंडांचा होत नाही. हाफ-टन गाडीवर क्लॅम्पचा रॅक असेल तर चालत्या गाडीत, रॅक धरून, ३०० पौंडांच्या वर जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. तुमचे २४० त्यात बसतात.

रेल म्हणजे आतला आणि बाहेरचा पातळ पत्रा वर दुमडून जोडलेली पोकळ कड. सरळ खाली येणारा भार ती बरा घेते, कारण तो बाजूच्या भिंतीतून खाली उतरतो. तिला पिळणारा जोर मात्र सोसत नाही. अमेरिकेत व्यावसायिक ट्रकवरचा माल बांधण्याच्या संघीय नियमांत पुढच्या बाजूला ०.८ जी आणि आडवा ०.५ जी एवढा जोर धरलेला आहे (१ जी म्हणजे मालाच्या वजनाएवढा जोर). तुमच्या खाजगी गाडीला ते नियम लागू नसले तरी आकडे उपयोगी आहेत. १६० पौंडांच्या टेंटला वळणावर ८० पौंडांचा आडवा जोर बसेल. टेंटचा मध्य रेलपासून दोन फुटांवर असेल तर तो जोर दोन फुटांच्या तरफेने पायांच्या मुळाशी पोहोचतो. उंची तीन फूट केली की पीळ दीडपट. त्यामुळे केबिनच्या वर जाणारा उंच रॅक घेऊ नका. टेंट केबिनच्या छतापेक्षा थोडा खालीच राहील असा, आडव्या जोराला तिरके आधार असलेला रॅक घ्या. वारा आणि गाडीचं झुलणंही त्याने कमी होतं.

आता पाय कुठे बसवायचे ते. पुढचे पाय बेडच्या पुढच्या भिंतीला लागून, कोपऱ्याजवळ. तिथे दोन भिंती मिळतात, ती सगळ्यात ताठ जागा. मागचे पाय स्टेक पॉकेटजवळ (रेलमधल्या चौकोनी भोकाजवळ) किंवा चाकाच्या कमानीच्या मागे उतरणाऱ्या उभ्या भागावर. मधला मोकळा भाग सगळ्यात लवचिक, पाय तिथे नको. मागच्या टोकाशी भिंतींना जोडणारं काही नसतं, फक्त बंद टेलगेट (बेडचं मागचं फळकं) त्यांना थोडं धरून ठेवतं. म्हणून भारी रॅक लावलेला असताना टेलगेट उघडं टाकून खराब रस्त्यावर गाडी चालवू नका.

गाडी कोणती यानेही फरक पडतो. २०१५ पासूनच्या फोर्ड एफ-१५० चा बेड ॲल्युमिनियमचा आहे. तिथे स्टीलचा क्लॅम्प थेट टेकवला तर हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाच्या पाण्याने दोन धातूंमध्ये गंज धरतो; मध्ये रबराची पट्टी हवीच. २००५ पासूनच्या टोयोटा टॅकोमात आतला बेड कंपोझिटचा (धागे घातलेल्या प्लास्टिकचा) आहे, आणि वजनदार रॅकखाली त्याचे मागचे कोपरे हलतात. त्यासाठी कोपऱ्यात बसणाऱ्या स्टीलच्या पट्ट्या बाजारात मिळतात, त्या आधी लावा आणि मग रॅक. रॅम कंपनीच्या गाडीला बाजूच्या भिंतीत पेट्या असतील तर साधा क्लॅम्प बसतच नाही, त्याचा वेगळा माउंट घ्यावा लागतो.

बसवताना सर्वात जास्त घोटाळा होतो तो रेलवरच्या प्लास्टिकच्या टोपीमुळे. क्लॅम्प तिच्यावर कसला की प्लास्टिक उन्हाने आणि दाबाने बसत जातं आणि काही दिवसांत क्लॅम्प सैल. टोपी काढा, किंवा पायाएवढी कापा. रेलवरून खाली वळणारा बेडलायनर (बेडचं प्लास्टिकचं अस्तर) असेल तर त्यालाही तेच. नट टॉर्क रेंचनेच (ठरावीक जोर मोजणाऱ्या पान्याने) घट्ट करा, आकडा रॅकच्या कागदावर असतो. इम्पॅक्ट रेंचने (ठोके देऊन कसणाऱ्या यंत्राने) रेलची कड दबते आणि दबलेली कड पुन्हा पकड देत नाही. ५० मैलांनी सगळे नट परत तपासा, नंतर प्रत्येक लांबच्या फेरीआधी.

रेलखेरीज पेलोडही (गाडीने एकूण किती वजन वाहायचं तो आकडा) बघावा लागेल. चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर माणसं आणि सामान मिळून किती पौंड चालतील ते लिहिलेलं असतं, आणि तो आकडा तुमच्याच गाडीचा असतो, जाहिरातीतला नाही. समजा १,४५० आहे. त्यातून रॅक-टेंटचे २४०, गादीचे २० आणि तुम्ही दोघं ३२० वजा केले की ८७० उरतात. २० गॅलन पाणी घेतलं तर १६७ पौंड गेले. मागे ट्रेलर जोडलात तर हिचवर (ट्रेलर जोडायच्या कडीवर) येणारं त्याचं वजनही यातूनच जातं.

शनिवार-रविवारी त्याच रॅकवर प्लायवूड न्यायचं म्हणता, ते मात्र नको. पाऊण इंची, चार बाय आठ फुटांचा एक ताव ६० ते ७० पौंडांचा असतो. चार ताव म्हणजे टेंटपेक्षा किती तरी जास्त, आणि समोरून वारा घेणारा सपाट पृष्ठभाग वेगळाच. टेंट काढून ताव बेडच्या तळावर टाका, तळ त्यासाठीच बनवलेला आहे.

रॅक लावल्यावर टेलगेट आधीसारखं सहज लागतं का यावर लक्ष ठेवा. ते घासू लागलं किंवा कुलपाशी अडू लागलं, तर बेडच्या भिंती फाकल्या आहेत. मागच्या कोपऱ्यात रंगाला केसासारख्या चिरा दिसल्या, पायाजवळ पत्र्यावर लाट आली, किंवा क्लॅम्पची जागा सरकलेली दिसली, तर त्याच दिवशी टेंट उतरवा. नट जास्त कसून हे थांबत नाही. पाय बेडच्या तळापर्यंत उतरणारा रॅक घ्यावा लागतो.